हार्ड डिस्क नुसती संथ आहे की आजारी?

जुना डेस्कटॉप रेंगाळू लागला की पहिला संशय हार्ड डिस्कवर जातो आणि बहुधा तो बरोबरही असतो. अडचण त्यापुढे सुरू होते. कुणी विखुरलेल्या फाइल सलग मांडणारे डीफ्रॅगमेंट चालवतो, कुणी विंडोज नव्याने टाकतो, तर कुणी दुरुस्तीसाठी ‘चेकडिस्क’ हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम लावून संगणक रात्रभर चालू ठेवतो. डिस्क मुळातच शेवटच्या घटका मोजत असेल, तर असा रात्रभराचा ताण तिच्यावरचे फोटो आणि कागदपत्रे कायमची नाहीशी करू शकतो. म्हणून माझा आग्रह असा की, डिस्क नुसती संथ आहे की आजारी आहे हे ठरेपर्यंत तिच्यावर कोणताही उपाय करू नये, आणि ते ठरवण्याआधीच महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

निरोगी डिस्कही किती संथ असते, हे थोडा हिशेब केल्यावर कळते. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे साधारण 4.2 मिलिसेकंदांची, वाट पाहावी लागते. हेड योग्य वर्तुळावर नेण्याचे सुमारे 9 मिलिसेकंद त्यात मिळवले, तर सेकंदाला पंचाहत्तरच्या आसपास विखुरलेल्या जागा वाचून होतात. प्रत्येक ठिकाणी 4 किलोबाइट मजकूर असेल, तर हा वेग सेकंदाला 300 किलोबाइटच भरतो, आणि तीच डिस्क एखादी मोठी सलग फाइल मात्र सेकंदाला 100 मेगाबाइटच्या वेगाने सहज वाचते. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइल वाचाव्या लागतात, त्यामुळे तेव्हा लागणारा वेळ हा दोष नव्हे. ती या यंत्राची मर्यादाच आहे.

टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क 100 टक्के’ असे दिसले की लोक घाबरतात. त्या आकड्यावरून डिस्क किती वेळ कामात गुंतली होती एवढेच समजते. त्याच खिडकीत परफॉर्मन्स या विभागात दिसणारा सरासरी प्रतिसादाचा वेळ मला कितीतरी अधिक बोलका वाटतो. तो 10 ते 20 मिलिसेकंदांच्या आसपास असेल, तर डिस्क आपले काम नीट करते आहे. कामांची रांग लागली की निरोगी डिस्कचा हा आकडाही चढतो. अशा वेळी रिसोर्स मॉनिटर उघडून कोणता प्रोग्राम डिस्क खातो आहे ते पाहावे. रॅम कमी पडल्यामुळे विंडोज सतत ‘पेजफाइल’मध्ये, म्हणजे रॅमच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या फाइलमध्ये, लिहीत असेल, तर खरा उपाय रॅम वाढवणे हा आहे. मात्र वाचन-लेखन जवळजवळ काहीच नसताना प्रतिसादाचा वेळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंदांवर जात असेल, तर डिस्क आजारी असल्याचा संशय पक्का धरावा.

पुढची तपासणी म्हणजे डिस्क स्वतःच आपल्या प्रकृतीची ठेवत असलेली ‘स्मार्ट’ नावाची नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. त्यातली मूळ मूल्ये हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, असतात, हे वाचताना ध्यानात ठेवावे. 05 या ओळीत बदलून टाकलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या साठवणीच्या लहान कप्प्यांची) संख्या असते आणि सी5 या ओळीत वाचता न आलेल्या, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची. संगणक मधेच गोठण्यामागे पुष्कळदा हा सी5 असतो. खराब सेक्टर समोर आला की डेस्कटॉपची डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचण्यात कित्येक सेकंद घालवते. तोवर माउस हलतो, पण एकही खिडकी उघडत नाही. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 7 किंवा 153 क्रमांकाच्या डिस्कविषयक नोंदी त्याच वेळेच्या सापडल्या, तर शंकेला जागा उरत नाही.

डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या चुका मोजणारी सी7 ही ओळ मात्र अनेक जण पाहतच नाहीत, याचे मला वाईट वाटते, कारण ती बहुतेक वेळा डिस्कऐवजी केबलकडे बोट दाखवते. माझ्या डेस्कटॉपवर स्कॅन केलेल्या पानांचा मोठा फोल्डर उतरवताना वेग अचानक शून्यावर यायचा आणि काही सेकंदांनी पुन्हा चढायचा. 05 आणि सी5 दोन्ही शून्य होते, पण सी7 वाढत होता. कॅबिनेट उघडले तेव्हा बाजूच्या पत्र्याने मदरबोर्डला जोडणारी साटा केबल डिस्कच्या मागे दाबली जाऊन काटकोनात मुडपलेली दिसली. केबल बदलली आणि प्रश्न सुटला. सी7 चा आकडा पुन्हा कधी शून्यावर येत नाही, म्हणून तो टिपून ठेवावा आणि नव्या केबलनंतर वाढतो का एवढेच पाहावे.

विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या फार जुन्या यंत्रात आणखी एक कारण संभवते. डिस्ककडून ठरावीक संख्येने चुका आल्या की एक्सपी तिच्या जोडणीला (आयडीई चॅनलला) डीएमएवरून, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीत माहिती नेणाऱ्या पद्धतीवरून, जुन्या पीआयओ पद्धतीवर उतरवते; त्यात कमाल वेग सेकंदाला 16.7 मेगाबाइट असतो आणि सारा भार प्रोसेसरवर पडतो. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला की डीएमए परत येते, पण चुकांचे मूळ कायम असेल तर ती टिकत नाही.

सी5 शून्याहून अधिक असेल, तर चेकडिस्कच्या वाटेला जाऊच नये. आधी सर्वांत मौल्यवान फाइल उतरवाव्यात. त्या उतरताना डिस्क अडखळत असेल, तर लिनक्सवरून डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कवरची माहिती वाचवणारे साधन वापरावे; ते सहज वाचता येणारा भाग आधी काढून घेते आणि अवघड जागांकडे नंतर वळते. डिस्कमधून खटखट असा नियमित आवाज येऊ लागला असेल, तर वीज तत्काळ बंद करावी.

डिस्क निरोगी असूनही संथपणा सोसवत नसेल, तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवावी. मदरबोर्डवरचा साटा पोर्ट जुना, सेकंदाला 300 मेगाबाइटच्या मर्यादेचा आहे म्हणून ती टाळण्याचे कारण नाही. तिचा प्रतिसाद मिलिसेकंदाच्या आत येतो, आणि रोजच्या कामात फरक पडतो तो त्यामुळेच. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही नवी पद्धत निवडायची असेल, तर ते नव्या एसएसडीवर विंडोज टाकण्यापूर्वीच निवडावे, कारण आयडीई पद्धतीत टाकलेले जुने विंडोज असा बदल नुसताच केल्यास निळा पडदा दाखवून थांबू शकते.