आमची वाटचाल: गाऊनचा तुकडा घेऊन या

आमचं घर वसईतलं, वाडीतलं. आजी मोगऱ्याच्या कळ्या आणि सोनचाफा टोपलीत भरून पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलमार्केटला जायची. पुढे आई जाऊ लागली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत मी. डच गुलाबाचे वीस-वीसचे बंच, जिप्सीची बारीक पांढरी फुलं, थायलंडहून येणारी जांभळी ऑर्किड मी तिथेच पहिल्यांदा हाताळली. 2009 साली मामेबहिणीच्या लग्नाचा बुके मी घरीच बांधला. चर्चच्या पायऱ्यांवर तिघींनी विचारलं, हा कुणी केला? तिथून लग्नाचे बुके बांधायचं काम सुरू झालं.

पहिली दोन वर्षं ओटीवरच. बादल्या, कात्री आणि हिरवी टेप. आज छोटं दुकान आहे, मी, आई आणि हाताखाली दोन मुली.

खरं शिकले ते एका चुकीतून. 2012 च्या मे महिन्यात एका नवरीच्या बुकेत पांढऱ्या लिली घातल्या. लिलीच्या पोटातले केशरी परागकोश आधी खुडावे लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधला लग्नाचा प्रार्थनाविधी, सुरू होण्याआधीच गाऊनवर छातीशी डाग पडला. कुणीतरी ओल्या रुमालाने पुसायला गेलं, तसा तो आणखी पसरला. त्या मुलीने सबंध विधीभर बुके छातीशी धरून डाग झाकला. पैसे मी घेतले नाहीत, पण तिचे ते आखडलेले हात अजून डोळ्यांपुढे येतात. आता लिलीची कळी उघडायला लागली की लगेच आम्ही चिमटीने परागकोश काढतो. बुकेसोबत चिकटपट्टीही देतो. पराग लागलाच तर पाणी लावायचं नाही, पट्टीने अलगद उचलायचा.

रंग ठरवायला मुली मोबाइलवर फोटो घेऊन येतात. मी म्हणते, "बाय, फोटो राहू दे, गाऊनचा तुकडा घेऊन ये." तो तुकडा दारात, उजेडात धरून त्यावर एकेक फूल ठेवून बघतो. मोतिया कापडाशेजारी शुभ्र गुलाब ठेवला की कापड जुनं, पिवळट दिसतं. तिथे क्रीम किंवा पीच गुलाब हवा. शुभ्र गाऊनवर नुसता पांढरा बुके फोटोत दिसतच नाही. मध्ये कामिनीचा हिरवा पाला आणि फिकट गुलाबी कार्नेशन घातलं की त्याला आकार येतो.

फोटोत बहुतेकदा पिओनी असते. ते थंड मुलखाचं फूल, बाहेरून मागवलं तर किंमत डोळे पांढरे करणारी. त्यापेक्षा पूर्ण उमललेला फिकट गुलाब घ्यावा आणि बाहेरच्या पाकळ्या अंगठ्याने हलकेच मागे दुमडाव्यात. फूल जवळजवळ दुप्पट दिसतं. नाताळ ते ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंत आमची लग्नघाई आणि 14 फेब्रुवारीच्या आधी गुलाबाचा भाव चढतो. त्या आठवड्यातल्या लग्नांना मी शेवंती आणि कार्नेशनच सुचवते, ग्राहकाचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून.

सोनचाफा मात्र बुकेत घालत नाही. हात लागला की तपकिरी पडतो. तो वेणीतच शोभतो.

गेल्या जानेवारीत एक मुलगी दोन तुकडे घेऊन आली. एक गाऊनचा, दुसरा तिच्या आजीच्या लाल लुगड्याचा. फुलं मोतिया आणि पीच रंगांची ठरली. लुगड्याची पट्टी आईने स्वतः बुकेच्या दांड्याला गुंडाळली, टोक आत दुमडून दोन टाके घातले.