कुंभारणीचा हिशेब

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत एका कुंभारीण माशीने मातीचे घर बांधायला घेतले. आजी असती तर तिने त्याला कोणालाही हात लावू दिला नसता, कारण कुंभारणीने घर केले की लवकरच त्या वास्तूत पाळणा हलतो, अशी तिची श्रद्धा होती. मीही ते पाडले नाही, पण माझे कारण वेगळे होते. ओट्याशी उभी राहून तिच्या खेपा पाहू लागल्यावर ही माशी एका अंड्यासाठी केवढा खर्च करते, हे माझ्या प्रथमच लक्षात आले.

पोटात साठवून आणलेल्या पाण्याने ती कोरडी माती भिजवते आणि मटाराच्या दाण्याहून लहान अशी गोळी जबड्यात धरून परतते. ती गोळी ती भिंतीच्या कडेला पातळ पसरत नेते, तेव्हा तेथे एक गडद ओला पट्टा दिसतो, आणि पुढची गोळी येईपर्यंत तो वाळून फिका पडतो. असे पट्ट्यावर पट्टे चढत बोराएवढे गाडगे तयार होते. गाडगे पुरे झाले की ती त्यात एकच अंडे घालते, तेही छताला बारीक धाग्याने टांगून. त्यानंतर नांगी मारून लुळ्या केलेल्या हिरव्या अळ्या एकेक करून आत कोंबल्या जातात आणि तोंड मातीने बंद होते. आत अळी गेली आणि बाहेर कुंभारीण आली, हे पाहूनच भृंग-कीट न्याय, म्हणजे भृंगाचे ध्यान करता करता कीटकच भृंग होतो हा दाखला, जन्माला आला असावा. भागवतातल्या अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत या माशीला स्थान दिले, ते ध्यानाच्या दृष्टान्तासाठी. प्रत्यक्षात ती आत गेलेली अळी खाद्य असते आणि बाहेर येणारे पिल्लू त्या टांगलेल्या अंड्यातले असते. मला या दृष्टान्ताइतकीच त्यामागची खरी हकीकतही थोर वाटते.

रेशमाच्या किड्याची मादी तीनशे-चारशे अंडी घालते आणि त्यानंतर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. एकट्याने घर बांधणाऱ्या माश्यांना आयुष्यभरात जेमतेम काही डझन अंडी घालता येतात, पुष्कळदा त्याहूनही कमी. उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ साली संगोपनाच्या खर्चाची जी व्याख्या केली, ती येथे नेमकी लागू पडते: एका पिलासाठी केलेल्या गोष्टीमुळे आईची दुसऱ्या पिलांसाठी काही करण्याची ताकद जेवढी घटते, तेवढा तो खर्च. म्हणजे कुंभारणीचे कष्ट मोजायचे तर किती माती वाहिली हे मोजून भागत नाही. जी अंडी घालायची राहून गेली, तीही मोजावी लागतात. मादी होणाऱ्या अंड्याच्या वाट्याला तर ती सहसा अधिक शिधा ठेवते, कारण मुलगी आकाराने मोठी होते आणि अंड्याचे फलन करायचे (म्हणजे मुलगी) की नाही (म्हणजे मुलगा) हे आईच्या हातात असते.

शरीराची झीजही या हिशेबात येते. उडताना कीटकाच्या शरीरातला ऊर्जेचा वापर कित्येक पटींनी वाढतो आणि पंखांच्या कडा फाटत जातात; फाटलेला पंख पुन्हा वाढत नाही. भुंग्यांच्या जातीतल्या कामकरी माश्यांचे पंख प्रयोगासाठी थोडे कापले, तेव्हा त्यांचे आयुष्य घटल्याचे दिसून आले. याखेरीज आई शिकारीला गेलेली असते तेवढा वेळ गाडग्याचे तोंड उघडे राहते. खाद्य दुर्मिळ झाले की खेप लांबते, आणि खेप लांबली की परोपजीवी माशीला अंडे घालून जायला तेवढी सवड मिळते. एकट्या आईच्या संगोपनातला सर्वांत महागडा भाग मला हाच वाटतो, कारण तेथे तिचे कष्ट तिच्याच पिलाला धोक्यात घालतात.

कुंभारीण सगळा शिधा एकदम भरून निघून जाते. सगळ्या माश्या तसे करीत नाहीत. नेदरलँड्समध्ये जेरार्ड बेरेंड्स यांनी वाळूत बिळे करणाऱ्या अ‍ॅमोफिला माशीचा अभ्यास करून तो १९४१ साली प्रसिद्ध केला. ही माशी एकाच वेळी अनेक बिळे सांभाळते, सकाळी रिकाम्या हाताने बिळात डोकावून पिलाची भूक पाहते आणि त्यानुसार त्या दिवशी किती अळ्या आणायच्या ते ठरवते. आतले अंडे मेले असेल तर तिची पुढची मेहनत वाचते. कुंभारणीला ती सोय नाही, कारण तिने सगळे आगाऊच भरलेले असते. उलट अ‍ॅमोफिला मधेच मेली तर तिची अर्धवट वाढलेली सगळी पिले उपाशी मरतात.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या कागदी घरटी करणाऱ्या गांधीलमाशीवर अनेक दशके काम केले आहे. पिले मोठी होईपर्यंत एकटी मादी जगेलच याचा भरवसा नसतो, आणि ती मेली तर तिचे सारे श्रम वाया जातात. इतरांच्या घरट्यात राबणारी मादी मात्र अर्ध्यावर मेली, तरी तिने वाढवलेली पिले दुसऱ्या माद्या पुढे सांभाळतात. स्वतःची अंडी न घालता बहिणींची पिले वाढवण्याची रीत कशी टिकली असावी, याचे एक उत्तर गदगकरांनी या खात्रीच्या परताव्यात शोधले. मला ते पटते, कारण खिडकीतली कुंभारीण एकटी होती आणि तिच्यानंतर तिचे काम पुढे नेणारे कोणीही नव्हते.

तिने चार गाडगी बांधली आणि नंतर ती दिसली नाही. दोन गाडग्यांना आतून पोखरलेली गोल भोके पडली आणि त्यांतून कुंभारणी बाहेर आल्या. तिसऱ्यातून मोरपंखी हिरव्या-निळ्या चकाकीची, गांधीलमाश्यांचीच दूरची भाऊबंद असलेली परोपजीवी माशी निघाली. चौथे गाडगे अजून बंद आहे.