त्रिशूळ उजव्या हातावर की डाव्या? आमच्या घरातलं टॅटूपुराण

टॅटू काढताना दुखतं का हेच सगळे विचारतात. दुखतं, पण सहन होतं, आमच्या घरात खरी डोकेफोड झाली ती जागेवरून.

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांना सेम त्रिशूळ-डमरू काढायचं होतं. इंदूरला यात नवल काही नाही, उज्जैन इथून जेमतेम ५५ किलोमीटर, आणि २०२२ मध्ये तिथे महाकाल लोक, म्हणजे महाकाल मंदिराभोवतीचा नवा परिसर, झाला तेव्हापासून तर रिक्षा, बुलेटची टाकी, टीशर्ट, मोबाईलचं कव्हर, जिथे बघाल तिथे महाकाल. स्टुडिओतल्या कॅटलॉगमध्ये पण तेच, त्रिपुंड, तिसरा डोळा, रुद्राक्ष आणि तो गाड्यांच्या मागच्या काचेवर असतो तो रागावलेला भगवा हनुमान. (तो २०१५ मध्ये केरळच्या करण आचार्य नावाच्या आर्टिस्टने गावातल्या पोरांच्या झेंड्यासाठी काढलेला, बघा कुठून कुठे पोचला.)

तर भाऊ एसएससी जीडीची, म्हणजे बीएसएफ वगैरे केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीची, तयारी करतोय, आणि याला टॅटू हवा होता उजव्या हातावर, म्हणजे हात मिळवताना दिसेल असा. मी म्हटलं थांब, आधी नोटिफिकेशन वाचू, आणि बरं झालं वाचलं. त्यात टॅटूचे नियम चक्क लिहिलेले आहेत. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, त्याला काही हरकत नाही, पण जागा म्हणजे कोपराखाली हाताची आतली बाजू आणि तीही फक्त डाव्या हाताची, कारण उजव्या हाताने सॅल्यूट करतात, नाहीतर मग पंजाची मागची बाजू. आणि साईज त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. आर्मीचा नियम थोडा वेगळा आहे, तिथे डाव्या-उजव्याची अट नाही, पण दंडावर, मानेवर तिथेही चालत नाही. विराटच्या डाव्या हातावर ध्यानस्थ शंकर आहे ते बघून दंडावर शंकर काढून घेणारी पोरं भरतीच्या ग्राउंडवर कमी नसतात, त्यांना हे कोणी सांगत का नाही मला कळत नाही.

ठीक, म्हणजे डावा हात. घरी सांगितलं तर आजी उखडलीच. "डाव्या हाताने आपण प्रसाद घेत नाही आणि तुम्ही देव बसवणार होय रे तिथे?" तिच्या स्वतःच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, आता हिरवट पडलंय, पण आहे उजव्या हातावर. बाबांनी विराटचं उदाहरण दिलं तर म्हणे तो काय सोवळं नेसून खेळतो का. मग बाबा गप्प. सरकार म्हणतं डावा, आजी म्हणते उजवा, आणि भाऊ म्हणतो जाऊ दे मी काढतच नाही. बरेच दिवस विषय तसाच पडून राहिला.

सोडवला शेवटी आजीनेच. सोमवारी देवळातून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, अर्धनारीश्वरात डावं अंग पार्वतीचं असतं ना, मग तुझा त्रिशूळ देवीचा समज, तिच्याही हातात असतोच की. मला मात्र उजवाच हात, कारण मला कुठे सॅल्यूट मारायचाय.

स्टुडिओवाला पण जागेच्या बाबतीत कडकच निघाला. "दीदी, कमर के नीचे भगवान मैं नहीं बनाता, चाहे कोई कितना भी दे." मला आवडलं ते. २०१५ मध्ये बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन मुलाला पायावरच्या यल्लम्मा देवीच्या टॅटूवरून लोकांनी घेरलं होतं, प्रकरण पोलीस स्टेशनपर्यंत गेलं होतं. लोकांनी तसं घेरणं मला अजिबात पटत नाही, पण काढणाऱ्याने आधीच नाही म्हणणं पटतं.

मग मोजमाप. कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत भावाचा हात साधारण दहा इंच भरला, म्हणजे अडीच इंचाच्या आत बसवायचं. पाव हिस्सा लांबीचा की एकूण जागेचा यावर आम्ही तिथेच भांडलो, शेवटी दोन इंच उंच आणि इंचभर रुंद ठरवलं, कसंही मोजलं तरी कमीच भरतं. यात अडचण एकच, डमरूची दोरी. ती इतकी बारीक झाली की स्टुडिओवाला म्हणाला शाई काही वर्षांत कातडीत थोडी पसरते, बारीक रेघा एकमेकीत मिसळतात आणि डमरूचा गोळा होतो. म्हणून दोरीची गाठ काढून टाकली, मधली पट्टी जाड केली आणि त्रिशुळाच्या टोकांमध्ये अंतर वाढवलं. रेझरने लव काढली, जांभळा स्टेन्सिल चिकटवून उचलला, भावाला हात सरळ-उलटा करून आरशात दाखवला, सीलबंद सुई आमच्यासमोर फोडली. हे फोडताना बघाच, लाजू नका. मनगटाजवळ सुई आली तेव्हा भावाने ओठ चावला, बाकी पूर्ण वेळ रील बघत होता.

नंतरचं सगळ्यांना माहीतच असतं, कोमट पाण्याने धुवायचं, क्रीमचा पातळ हात, उन्हात न्यायचं नाही, पोहायचं नाही. खपली धरली की खाज इतकी सुटते की काही विचारू नका, पण नख लावायचं नाही, खपलीबरोबर शाई निघते आणि पांढरे ठिपके राहतात. आणि एक गोष्ट आम्हाला आधी कोणीच सांगितली नव्हती, टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, कॉलनीतल्या कॅम्पमधून परत आलो तेव्हा कळलं.

भावाचं मेडिकल अजून व्हायचंय. मापाची टेप लावून काढलेला टॅटूचा फोटो मी मोबाईलमध्ये ठेवलाय, आजीने तो कॉलनीतल्या सगळ्या बायकांना दाखवलाय आणि प्रत्येकीला देवीचा त्रिशूळ आहे असंच सांगते.