आखडलेला स्टिअरिंग कॉलम

जुनी गाडी घेतली की आधीच्या हातांनी तिचं काय काय केलंय हे हळूहळू उघडकीला येतं. माझ्या गाडीचं पितळ स्टिअरिंगने उघडं पाडलं. खड्ड्यातून गेलं की खट्ट आवाज यायचा, तोही चाकाकडून नाही, थेट हातात. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग बोटभर फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ता नसायचा. आणि दोन्ही हातांनी धरून ओढलं तर ते किंचित बाहेर यायचं, ढकललं की आत जायचं.

ज्याला दाखवावं तो म्हणे, "रॅक गेलाय." रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) आणि त्याला चाकांशी जोडणारे टाय रॉड एंड जुन्या गाडीत झिजतातच, त्यामुळे अंदाज वावगा नव्हता. पण रॅक खराब झाला म्हणून स्टिअरिंग मागेपुढे सरकत नाही. तेव्हा खर्चात पडण्याआधी प्ले, म्हणजे ढिलेपणा, नक्की कुठे आहे ते शोधायचं ठरवलं. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, पुतण्या सीटवर बसून स्टिअरिंग थोडं डावं, थोडं उजवं असं हलवत होता आणि मी एकेका सांध्यावर बोट ठेवून बघत होतो. टाय रॉड एंड घट्ट. रॅकचे बुश ठीक. शेवटी पेडलच्या वर वाकून कॉलमच्या, म्हणजे व्हीलचं फिरणं खाली रॅककडे नेणाऱ्या भागाच्या, खालच्या टोकाचा क्रॉस जॉइंट (कोनात फिरणारा सांधा) धरला, तर वर स्टिअरिंग हलत होतं आणि खाली शाफ्ट ढिम्म. म्हणजे दुखणं कॉलमच्या पोटातच होतं.

इथे कॉलम आतून कसा असतो ते सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच झाले. तो एकसंध दांडा नसतो. समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून मुद्दाम आखडेल असा बनवलेला असतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलांत असे कॉलम दिले आणि १९६८पासून तिथे नियमच झाला: ताशी ४८ किलोमीटरच्या वेगाने अडथळ्यावर धडक झाली तर कॉलम मागच्या बाजूला १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. माझ्या गाडीतल्यासारख्या रचनेत एक शाफ्ट दुसऱ्यात सरकतो आणि दोन्हींना जागेवर धरायला मधे प्लास्टिकच्या पिना ओतलेल्या असतात. धडकेत त्या तुटतात आणि शाफ्ट आत जातो. शाफ्टला चपट्या बाजू असल्यामुळे पिना तुटल्या तरी स्टिअरिंग फिरतं, पण प्लास्टिकने भरलेली फट मोकळी होते आणि तिथेच प्ले येतो.

माझ्या गाडीला तर धडक बसल्याची कुठलीच खूण नव्हती. खुलासा स्टिअरिंग व्हील काढल्यावर झाला. शाफ्टच्या टोकाचे आटे चेपलेले, कडेला हातोडीचे ओरखडे. कधीतरी कुणीतरी व्हील निघेना म्हणून पुलर (व्हील ओढून काढायचं अवजार) न लावता नटावर हातोडी घातली होती, आणि धडकेत तुटायच्या पिना त्या ठोक्यांनी तुटल्या होत्या. वरचं बेअरिंगही त्यातच गेलं असणार.

बेअरिंग एकटं गेलं असतं तर मी ते बदलून मोकळा झालो असतो. वरखाली करता येणाऱ्या टिल्ट कॉलममधले ढिले बोल्ट काढून, साफ करून, थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा गोंद) लावून कसणं हीदेखील चांगली दुरुस्ती आहे. पण इथे ओळखीच्या मिस्त्रींनी सहज सुचवलं, "शाफ्ट ओढून लांबी बरोबर करू, दोन टाके मारतो, आयुष्यभर हलायचं नाही." हलायचं नाही हे खरंच, आणि अडचण तीच. वेल्डिंग केलेला कॉलम आखडणार नाही, म्हणजे धडकेत सरळ भाल्यासारखा समोर उभा राहणार. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टच्या पोलादाचा गुण बदलतो आणि टाक्याशेजारी तो ठिसूळ होऊ शकतो. मी नको म्हटलं. मिस्त्री थोडे नाराज झाले, पण पुलर त्यांनीच दिला.

नवा कॉलम मिळेना, म्हणून वापरलेला शोधला. यात घाई करू नये. एअरबॅग उघडलेल्या गाडीतला कॉलम मी हातातही घेतला नाही. बाकीच्यांची आधी लांबी मोजली; ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. मग शाफ्टची दोन टोकं धरून ओढून-ढकलून पाहिली. जरासुद्धा सरकला तर परत. तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात: कॉलम डॅशबोर्डखाली ज्या ब्रॅकेटने धरलेला असतो, त्यात धडकेत सुटणाऱ्या कॅप्सूल असतात. त्या आपल्या खाचेतून सरकलेल्या नकोत.

जुना काढताना चाकं सरळ ठेवली, बॅटरीची तार सोडली आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पुरता जाऊ दिला. एअरबॅगच्या सर्किटमध्ये कपॅसिटरमुळे काही काळ चार्ज उरतो, म्हणून हे थांबणं टाळायचं नाही. काढलेली एअरबॅग तोंड वर करून, माणसांपासून लांब ठेवली. व्हीलखालच्या क्लॉक स्प्रिंगला (हॉर्न आणि एअरबॅगची वीज फिरत्या व्हीलपर्यंत नेणारी गुंडाळलेली पट्टी) चिकटपट्टी लावून ती मधल्या स्थितीतच धरून ठेवली. ती फिरून मध्य चुकला तर पुढे पूर्ण वळण घेताना आतली पट्टी तुटते, आणि मग हॉर्न जातो, एअरबॅगचा दिवा पेटतो. सांध्यांवर रंगाने खुणा केल्या, कनेक्टरचे फोटो काढले. बाकी खोलणं म्हणजे पेडलखाली उलटं पडून मानेचे हाल, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरा छळ इग्निशन लॉकने केला. वापरलेल्या कॉलमबरोबर त्याची चावी आली होती, पण मला दरवाजाची एक आणि इंजिनची दुसरी असा जुडगा नको होता, म्हणून जुनं लॉक नव्यावर चढवायचं ठरवलं. ते ज्या बोल्टांनी बसतं त्यांची डोकी कसताना मुद्दाम तुटतात, चोराला पान्याने उघडता येऊ नये म्हणून. ते चोरालाच काय, मालकालाही उघडत नाहीत. एक बोल्ट छिन्नीने उलट्या दिशेला हळूहळू फिरला, दुसरा ड्रिल करावा लागला. हे सगळं कॉलम टेबलावर, लॉकची बाजू शिकंज्यात पक्की धरून केलं, म्हणजे ठोके शाफ्टला लागणार नाहीत. बसवताना नवे बोल्ट वापरले आणि डोकी तुटण्याआधी चावी फिरते का, लॉक लागतं-सुटतं का ते पाहून घेतलं.

बसवताना आधी खालचा सांधा शाफ्टवर चढवला. त्याचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आरपार जायला हवा. तो नुसता दाबून बसला असेल तर एखाद्या दिवशी सांधा निसटेल. मग ब्रॅकेट हाताने कसलं, कॉलम सैल असतानाच नीट रेषेत आणला आणि नंतरच टॉर्क रेंच लावला. कॉलम आणि रॅक यांच्या मधल्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस जॉइंट एकमेकांशी जुळतात ना ते खुणांवरून पाहिलं. ते जुळले नाहीत तर स्टिअरिंग एका फेरीत मधेच जड, मधेच हलकं लागतं.

पुढची चाकं उचलून स्टँडवर घेतली आणि स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. कुठे अडत नाही, वायर ओढली जात नाही, इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतो, चावी काढल्यावर लॉक लागतं. बॅटरी जोडल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला. रस्त्यावर मात्र व्हील किंचित डावीकडे कललेलं दिसलं. मिस्त्री लगेच अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) म्हणाले, पण मी टाय रॉडला हात लावलेला नव्हता. व्हील शाफ्टच्या स्प्लाइनवर (टोकाच्या दात्यांवर) एक दात चुकून बसलं होतं. बॅटरी सोडून, पुन्हा तेवढीच वाट पाहून ते काढलं आणि एक दात सरकवून बसवलं.

जुना कॉलम भंगारवाल्याला देण्याआधी करवतीने मधोमध कापला. तसाच दिला असता तर कुणीतरी तो ओढून, टाके मारून दुसऱ्या गाडीत बसवला असता.