काकूंना झोपवून ठेवू नका

परवा नाईट संपवून रूमवर आले तर आईचा फोन. आपल्या पंचवटीतल्या शेजारच्या काकू बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता तीन महिने त्यांना अजिबात हलवायचं नाही असं सगळे म्हणतायत. माझी झोपच उडाली. आईला त्याच फोनवर सगळं सांगितलं, पण घरी म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं वाटलं, म्हणून लिहितेय.

नर्स म्हणून इंग्लंडला येऊन मला सहा महिने झाले, पहिल्या दिवसापासून ऑर्थो, म्हणजे हाडांचा वॉर्ड. नाशिकला मी मेडिसिनला होते, त्यामुळे इथे पहिल्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगतात तेव्हा, अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. "बेड सहा, चौऱ्याऐंशी वर्षं, राइट नॉफ, हेमी, डे वन." नॉफ म्हणजे मांडीचं हाड खुब्यातल्या गोळ्याच्या खाली, ज्याला हाडाची मान म्हणतात तिथे मोडलेलं, हेमी म्हणजे सांध्याचा मोडलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवायचा, आणि डे वन म्हणजे ऑपरेशननंतरचा पहिला दिवस. सुरुवातीचे काही आठवडे तुम्ही सुपरन्यूमररी असता, म्हणजे ड्युटीच्या मोजणीत तुम्हाला धरत नाहीत, जुन्या नर्सच्या मागे राहून शिकायचं. मला केरळच्या एक ताई मिळाल्या, आणि त्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते पायाची बोटं बघायला. रंग कसा आहे, गरम आहेत का गार, नख दाबून सोडलं की दोन सेकंदात परत गुलाबी होतं का, स्पर्श कळतो का, हलवता येतात का. प्लास्टर घातलेल्या प्रत्येक पेशंटचं, रात्रीसुद्धा उठवून.

हे सगळं कशासाठी ते मला तिसऱ्या आठवड्यात समजलं. सायकलवरून पडलेला एक तरुण मुलगा होता, नडगीचं हाड मोडलेलं, पायाला प्लास्टर. मॉर्फिन दोनदा दिलं तरी विव्हळत होता. मी बघितलं, पाय गरम, नाडी लागतेय, म्हणून ठीक आहे असं लिहिलं. ताई आल्या, त्यांनी त्याचा अंगठा हलकेच वर ओढला आणि तो मुलगा जो ओरडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कंपार्टमेंट सिंड्रोम. पोटरीत आतल्या आत सूज येऊन दाब एवढा वाढतो की स्नायूला रक्त मिळत नाही, आणि नाडी मात्र बराच वेळ लागत राहते, म्हणून तिच्यावर विसंबून चालत नाही. प्लास्टर आणि आतलं बँडेज कातडीपर्यंत कापलं आणि तासाभरात तो ऑपरेशन थिएटरमध्ये. पाय वाचला. अजून काही तास गेले असते तर स्नायू कायमचे मेले असते. औषध देऊनही दुखणं वाढतच जात असेल तर थांबायचं नाही, हे मी त्या रात्री शिकले.

आता काकूंच्या दुखण्याबद्दल. इथे खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन शक्यतो ३६ तासांच्या आत करतात आणि दुसऱ्या दिवशी फिजिओ येऊन उभं करतात. बेड सहाच्या आजी म्हणाल्या, उभी राहीन तर माझ्याच चपला घालून. मुलीने घरून आणून दिल्या, मागून बंद असलेल्या, निळ्या. वॉकरला धरून उठताना त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बोटांचे वळ उठले, चार पावलं टाकली आणि खुर्चीत बसून चहा मागितला. मला माझी आजी आठवली. तिचाही खुबा मोडला होता, या वयात ऑपरेशन झेपणार नाही म्हणून घरीच खाटेवर ठेवली, टाचेला जखम झाली, मग छातीत कफ, आणि सहाव्या आठवड्यात गेली. मी तेव्हा फर्स्ट इयरला होते. हाड मोडल्यापेक्षा ते पडून राहणंच वाईट असतं हो, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, बेडसोर हे सगळं त्यातूनच येतं.

म्हणून आईला म्हटलं, हाडवैद्याकडे नाही, सरळ ऑर्थोच्या डॉक्टरकडे न्या आणि दोनच गोष्टी विचारा, ऑपरेशन कधी आणि उभं कधी करणार. पायावर किती भार द्यायचा ते डॉक्टर सांगतील तसंच. पोटरीखाली उशी ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहील. दुखण्याच्या गोळ्या वेळेवर द्या, दुखत असेल तर माणूस उभं राहायलाच तयार होत नाही. आणि घरी आल्यावर मांडी नाही, पाटावर बसणं नाही, कमोडची खुर्ची लागेल. देवपूजा खुर्चीत बसून करायची, कपालेश्वराच्या पायऱ्या सध्या लांबच ठेवा, काकूंना ते सगळ्यात जड जाईल हे मला माहितीये.

काल आईने फोटो पाठवला, ऑपरेशन झालंय, काकू वॉकर धरून उभ्या. मी आधी झूम करून बोटं बघितली. रंग चांगला आहे. पण पायात ती रबरी स्लीपर आहे आई, ती बदल, मागून बंद असलेली घेऊन दे.