माझ्या टीबीचे १६८ दिवस

२०२४च्या दिवाळीत चकल्या तळताना ठसका लागला आणि तो थांबलाच नाही. तेलाचा वास घशात बसला असेल म्हणून हळद-दूध घेतलं. मग गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांकडून सिरप आणलं, आठ दिवसांनी दुसरं सिरप आणि पाच दिवसांच्या गोळ्या. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. मी अंबड एमआयडीसीत पॅकिंगला जाते, सकाळच्या शिफ्टला सातपूरच्या घरून सहाला निघावं लागतं. डिसेंबरात नाशिकची थंडी अशी की बसमध्ये निम्मे लोक खोकत असतात, त्यात माझा खोकला कोण वेगळा काढणार? संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री मानेखालची उशी घामाने ओली व्हायची, ब्लाऊज एकेक टीप आत घ्यावे लागले. टीबी हा शब्द मात्र कोणीच काढला नाही, डॉक्टरांनीही नाही.

तो काढला आमच्या आशाताईंनी. रविवारी सर्व्हे करत त्या दारात उभ्या होत्या, हातात वही. "वहिनी, खोकला किती दिवसांचा?" मी म्हटलं, दिवाळीपासूनचा. त्यांचं पेन थांबलं. "दोन आठवड्यांच्या वर गेला की बेडका तपासायचाच. उद्या मी येते तुमच्याबरोबर." त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या दोन छोट्या डब्या काढल्या. एक दवाखान्यात, समोर द्यायची आणि दुसरी सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुवायच्या आधी भरून आणायची. नुसती थुंकी चालत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. दोनदा खोल श्वास घ्यायचा, धरून ठेवायचा आणि छातीतून खोकून काढायचं. दारं-खिडक्या उघड्या ठेवून, शक्यतो घराबाहेर. पहाटे साडेपाचला गच्चीवर शाल गुंडाळून मी ती डबी भरली, तेव्हा खाली गल्लीत दूधवाल्याची गाडी लागत होती.

महापालिकेच्या दवाखान्यातून नमुना सीबीनॅटच्या मशीनवर गेला. जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, हे दोन्ही ते मशीन एकदम सांगतं. मशीनला दोन तास लागतात, मला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. टीबी आहे, पण औषधाला दाद देणारा. छातीचा एक्स-रे, साखर आणि एचआयव्हीची तपासणी, सगळं तिथेच झालं, एक रुपया न देता. वजन भरलं ३९ किलो. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या, तिन्ही एकदम, उपाशीपोटी. १९ डिसेंबरला, गुरुवारी, पहिला डोस घेतला. त्याच दिवशी माझी निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी यादीत, नोंद झाली आणि एक नंबर मिळाला. पुढे त्या नंबरशिवाय माझं कुठलंच काम झालं नाही, त्यामुळे तो अजून तोंडपाठ आहे.

गोळ्यांपेक्षा घर अवघड होतं. सासूबाईंनी पहिल्याच रात्री माझं ताट-तांब्या वेगळा काढला. मला लागलं. पण त्या काही वाईट माणूस नाहीत. त्यांच्या धाकट्या भावाला टीबी झाला होता. तेव्हा गोळ्या एक दिवसाआड असायच्या. तीन महिन्यांत बरं वाटलं म्हणून त्याने सोडल्या आणि दोन वर्षांनी तो गेला. त्यांच्या डोळ्यांसमोर तोच होता. आशाताई दुसऱ्या दिवशी आल्या आणि माझ्याशी नाही, सासूबाईंशीच तासभर बोलत बसल्या. हा आजार ताटातून, कपड्यातून, शिवल्याने पसरत नाही, हवेतून पसरतो. तोंडाला रुमाल किंवा मास्क हवा, खिडकी उघडी हवी. औषध नीट चालू राहिलं तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याची भीती फार कमी होते. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या भावाच्या गोळ्या बघायला कोणी नव्हतं. हिच्या तुम्ही बघा." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाच्या आत पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी असायचा. रिकामी झालेली प्रत्येक पट्टी त्या देवघराशेजारच्या डब्यात जपून ठेवायच्या.

सरकारी कागदावर माझ्या 'उपचार सहायक' म्हणून शेजारच्या अंगणवाडी सेविकेचं नाव होतं. त्या आमच्याच गल्लीतल्या काकू. रोज संध्याकाळी दारावरून जाताना विचारायच्या, "आजची झाली?" एवढंच. पण ज्या संध्याकाळी मळमळून जीव नकोसा व्हायचा आणि उद्या गोळी नकोच असं वाटायचं, त्या संध्याकाळी त्या प्रश्नाला "नाही" म्हणायची माझी हिंमत व्हायची नाही.

संक्रांतीचं सांगते. दरवर्षी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. त्या वर्षी मीच म्हटलं, नको. गल्लीत बातमी पसरली होती, दोन घरांनी पोरांना आमच्या ओट्यावर येऊ देणं बंद केलं होतं. उपचाराला तोवर २६ दिवस झाले होते. काकूंनी ऐकलं नाही. "वाण लुटायचं. मी येते, आशाताई येतात, बचत गटाच्या बायकांना मी सांगते." संध्याकाळी पहिल्या त्या दोघी आल्या, माझ्या हातचा तिळगूळ माझ्या समोर बसून खाल्ला आणि उठायची घाई केली नाही. मग गटाच्या सहा-सात जणी आल्या. सगळी गल्ली आली असं नाही. पण ज्यांच्या पोरांना बंदी होती त्यातली एक आई आली. लाकडी पाटावर बसून तिने विचारलं, "खरंच लागत नाही ना आता?" आशाताईंनी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, न कंटाळता.

आता पैशाचं, कारण अनेक घरं इथेच अडकतात. निक्षय पोषण योजनेत पूर्वी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. सहा महिन्यांचे सहा हजार दोन हप्त्यांत खात्यावर येतात. तीन हजार निदान झाल्यावर आगाऊ, तीन हजार ८४ दिवस औषध पूर्ण झाल्यावर. माझे पहिले तीन हजार आलेच नाहीत. आधार सासरच्या नावाचं, बँकेचं पासबुक माहेरच्या नावाचं. बँकेत गेले तर लग्नाचा दाखला आणा, मग राजपत्राची प्रत आणा, मग साहेब रजेवर. तीन चकरा झाल्या आणि तीन दिवसांची मजुरी गेली. शेवटी क्षयरोग विभागाच्या पर्यवेक्षकांनी (आम्ही सगळे त्यांना 'टीबीचे सर' म्हणतो) सांगितलं, "ताई, नाव बदलत बसू नका. पोस्टात आधारवर नवीन खातं उघडा, तेच नोंदवू." अर्ध्या तासात खातं झालं. नंतर दोन्ही हप्ते एकाच महिन्यात आले. ही साधी वाट पहिल्याच दिवशी दवाखान्यात सांगितली असती तर? गोळ्या सुरू करतानाच पासबुक आणि आधार शेजारी ठेवून नाव ताडून बघावं, एवढं माझं सगळ्या दवाखान्यांना हात जोडून मागणं आहे.

कामाचं दुखणं याहून मोठं होतं. ठेकेदाराला कळलं तसा निरोप आला, सहा महिने येऊ नका. माझा ईएसआय (कामगार विमा) कापलाच जात नव्हता, नाहीतर आजारपणाचा भत्ता तरी मागता आला असता. घरी नवऱ्याचा एकट्याचा पगार, मुलीची चौथी. मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. टीबीच्या सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या डॉक्टरांकडून कागद लिहून घेतला, की रुग्ण आता कामाला जाऊ शकते, सहकाऱ्यांना धोका नाही. तो कागद घेऊन ते स्वतः मोटारसायकलवर अंबडला गेले. ठेकेदाराने तिथेही टाळाटाळ केली. पण कंपनीच्या सेफ्टीच्या माणसाने त्यांनाच उलट विचारलं, आमच्या कामगारांना याबद्दल सांगाल का? जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वीस मिनिटं माहिती दिली. पुढच्या सोमवारी मी कामावर होते, धुळीच्या विभागातून बदलून खिडकीजवळच्या टेबलावर. त्या वीस मिनिटांनंतर आमच्या लाइनवरचे दोघे जण आपणहून तपासणीला गेले, हे मला खूप नंतर कळलं.

आणि जेवण. टीबीत गोळी अर्धं काम करते, उरलेलं ताट करतं, हे मी माझ्या वजनकाट्यावर पाहिलं. दवाखान्यात एकदा टीबीच्या सरांनी झारखंडमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचा, २०२३ साली प्रसिद्ध झालेला. त्यात रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांचा पाठपुरावा केला. ज्या घरांत सगळ्यांनाच जास्तीचा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. मी तो आकडा घरी येऊन सासूबाईंना सांगितला, तर त्या म्हणाल्या, "भाऊ आजारी असताना आम्ही भाकरी आणि चटणी खात होतो."

सप्टेंबर २०२२मध्ये निक्षय मित्र योजना सुरू झाली. कुणीही माणूस, संस्था किंवा कंपनी रुग्णाची जबाबदारी घेऊ शकते. माझा मित्र झाला सातपूरच्या एका कारखान्यातला कर्मचाऱ्यांचा गट. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्यात पिशवी मिळायची. तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, तेल, दूध पावडर. दुसऱ्या महिन्याच्या पिशवीत कुणीतरी नागलीचं पीठ घातलं होतं, त्र्यंबककडचं, लालसर. सासूबाईंनी त्याची पेज सुरू केली, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून, आणि माझी सकाळची मळमळ तिने आवरली. तेव्हापासून मी गोळ्यांनंतर तासाभराने पेज घ्यायचे, चहा नाही. दोन महिन्यांनी वजन ४२, बेडका निगेटिव्ह. ती पिशवी पाठवणाऱ्यांपैकी एकालाही मी पाहिलेलं नाही.

घरच्यांची तपासणी हाही याच कामाचा भाग आहे, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. नवरा म्हणाला, "मला कुठे खोकलाय?" पण जंतू शरीरात झोपून राहू शकतो. तिघांचे एक्स-रे झाले, कोणालाही आजार नव्हता. मग तिघांना प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. आमच्याकडे गोळीचा वार शनिवार ठरला. मुलीने कॅलेंडरवर बारा चौकोन आखले आणि दर शनिवारी बापाला गोळी देऊनच स्वतः घ्यायची.

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. दवाखान्यात छोटा कार्यक्रम होता, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पहिल्यांदा माईक धरला. समोर बचत गटाच्या बायका होत्या. परत येताना रिक्षातच त्यांनी ठरवलं, गटाच्या व्याजाच्या पैशातून एका रुग्णाची पिशवी आपण द्यायची. निक्षय मित्र म्हणून गटाची नोंद झाली तेव्हा काकूंनी अर्जावर सही करायच्या आधी पेनाला कुंकू लावलं.

महापालिकेला एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. आमच्या भागातला दवाखाना सकाळी उघडतो आणि दुपारी आवरतो. सातपूर-अंबडचा कामगार त्या वेळेत मशीनवर उभा असतो. गोळ्या घ्यायला गेलं की अर्धा दिवस गेला. महिन्यातून दोन संध्याकाळी तरी टीबीची खिडकी उघडी हवी. मी हे कोणाला सांगणार? २०२२पासून महापालिकेवर प्रशासक होते, वॉर्डात नगरसेवक नव्हता. मी अर्ज लिहिला, बचत गटाच्या अठरा सह्या घेतल्या आणि विभागीय कार्यालयात पोच घेऊन दिला. आणि खासगी डॉक्टरांना सांगायचं ते असं, की टीबीचा रुग्ण कळवणं २०१२पासून बंधनकारक आहे, पण कळवायला आधी शंका यावी लागते. माझे सहा आठवडे दोन सिरपच्या बाटल्यांत गेले. त्या सहा आठवड्यांत मी रोज मुलीला कुशीत घेऊन झोपत होते.

मे महिना जड गेला. ऊन, गुडघे दुखायचे, लघवी केशरी (ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही), आणि मुख्य म्हणजे मी बरी होते. खोकला नाही, ताप नाही, मग गोळ्या कशाला, हा विचार तेव्हाच येतो. सासूबाईंनी डबा उघडून रिकाम्या पट्ट्यांचा ढीग माझ्यासमोर ओतला. "एवढ्या झाल्या. आता थोड्या."

जूनच्या पहिल्या आठवड्यात १६८वा डोस झाला. बाहेर पावसाचे शिंतोडे पडत होते. शेवटचा बेडका निगेटिव्ह आला, वजन ४६.५. कोर्स संपला तरी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासायचं असतं. पहिली तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली होती. आशाताईंनी ती वहीत लिहून घेतली आणि त्याच पानावर खालच्या ओळीत पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाचं नाव होतं, तीन आठवड्यांचा खोकला. "उद्या सकाळी डब्या द्यायला जायचंय," त्या म्हणाल्या, "तुम्ही येता?" मी शिफ्ट दुपारची करून घेतली.