वोगेनची लढाई, 1665: मिऱ्यांची जहाजं आणि उलटा वारा

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या नागपूरकराला ही लढाई चटकन कळेल, समुद्र त्याने पाहिलेला नसला तरी. लढाऊ जहाजं होती इंग्रजांकडे, पण वारा डचांच्या पाठीमागून वाहत होता. तोफांचा हिशेब त्यानंतर करायचा.

1665 साल. आपल्याकडे जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तिकडे इंग्रज-डच युद्ध चालू होतं, आणि त्याच महिन्यात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ लोस्टॉफ्टला इंग्रजांनी डच आरमाराला झोडपून काढलं. त्यामुळे बटाव्हियाहून (म्हणजे आजचं जकार्ता) मिरे, लवंग, जायफळ, जायपत्री, दालचिनी, सोरा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी भरून निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना इंग्लिश खाडीतून घरी जाण्याची सोय उरली नाही. आयर्लंड-स्कॉटलंडला लांबचा वळसा घालून पीटर डी बिटरचा हा ताफा नॉर्वेतल्या बर्गनला शिरला. वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेली हीच ती कंपनी.

बर्गन तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं. राजा तिसरा फ्रेडरिक आणि इंग्रजांचा वकील टॅलबट यांच्यात गुपचूप ठरलं होतं: इंग्रजांनी बंदरात घुसून डचांना लुटावं, किल्ल्याने तोंडदेखला निषेध करून गप्प बसावं, लूट निम्मी-निम्मी. सौदा पक्का होता, फक्त हुकमाचं पत्र बर्गनच्या किल्लेदारापर्यंत वेळेत पोचलं नाही. हल्ल्याच्या आदल्या रात्री इंग्रज दूत किल्ल्यावर जाऊन घासाघीस करून आला. लेखी हुकूम हातात नसताना तोंडी भरवशावर किल्लेदार कसा गप्प बसेल? त्याची जागा घेऊन बघा, कळेल.

तारखेचाही घोळ आहे. इंग्रजी आणि डॅनिश कागदांत 2 ऑगस्ट, हॉलंडच्या कागदांत 12 ऑगस्ट. दिवस एकच, पंचांगं दोन. तिथी की तारीख हा वाद आपल्याला काही नवा नाही.

आता बंदर. वोगेन म्हणजे गावात शिरलेली अरुंद खाडी. दोन्ही बाजूंना वस्ती आणि वखारी, तोंडाशी बर्गनहूसचा किल्ला. डी बिटरने आपली मोठी जहाजं खाडीत कमानीसारखी आडवी लावली, तोफांची कूस समुद्राकडे. मालाने गच्च भरलेलं व्यापारी जहाज पाण्यात खोल बसतं. खुल्या समुद्रात लाटा असल्या की खालच्या मजल्यावरच्या तोफांची दारं उघडता येत नाहीत, पाणी आत येतं. बंदरातल्या शांत पाण्यात ही अडचण जवळपास संपते. शिवाय जहाज एका जागी असल्याने शिडांवर माणसं लागत नाहीत, सगळे हात तोफांना.

पण नांगरलेलं जहाज आडवं धरून ठेवायचं कसं? नुसता नाळेकडून (जहाजाच्या पुढच्या टोकाकडून) नांगर टाकला तर वारा येईल तिकडे नाळ वळते आणि कूस शत्रूपासून फिरते. म्हणून पिछाडीकडून दुसरा जाड दोर काढून नांगराच्या दोराला बांधतात. हा दोर उभ्या रहाटावर गुंडाळला की जहाज एका बाजूला वळतं, सैल सोडला की परत. पतंगाच्या कन्नीचं काम तेच: वरचा धागा आखूड केला की पतंगाचा कोन बदलतो. यात बिघाड व्हायचा तो दोर तुटल्यावर. गोळ्याने दोर कापला तर जहाज हळूहळू फिरायला लागतं आणि ऐन माऱ्यात त्याच्या बहुतेक तोफा निरुपयोगी होतात.

टेडिमनच्या हाताखालचा इंग्रज ताफा खाडीच्या तोंडाशी रांगेत आडवा उभा राहिला. जागा इतकी तोकडी की सगळ्या जहाजांना पुढे येताच आलं नाही. पहाटेच मारा सुरू झाला. वारा दक्षिणेचा, म्हणजे गावाकडून समुद्राकडे, सोबत पावसाच्या सरी. इंग्रजांकडे पेटवून सोडायची जहाजं होती, पण अशा वाऱ्यात ती सोडली तर उलटी त्यांच्याच अंगावर. आणि धूर! तोफ ठासायची म्हणजे आधी ओल्या बोळ्याने नळी पुसायची, मग दारूची पिशवी, डाट, गोळा, पुन्हा डाट, मग कानात (नळीच्या मागच्या छिद्रात) बारीक दारू आणि बत्ती. हे आंधळेपणीही जमतं. पण गोळा कुठे पडला ते दिसलं नाही तर पुढच्या वेळी तोंड किती उचलायचं हे कसं कळणार? काळ्या दारूचा दाट धूर इंग्रजांच्याच तोंडावर येत राहिला. त्यांचे भरकटलेले गोळे किल्ल्यावर पडले, माणसं मेली, आणि आतापर्यंत गप्प असलेला किल्लाही इंग्रजांवर आग ओकू लागला. संपलंच.

तीन-साडेतीन तासांत इंग्रजांनी दोर कापून पळ काढला. जहाज एकही गमावलं नाही, पण मेलेले आणि जखमी मिळून चारशेच्या घरात. त्यांत विंडहॅम आणि मॉन्टेग्यू नावाचे दोन तरुण होते. लढाईआधी विंडहॅमने कवी रोचेस्टरशी करार केला होता: जो मरेल त्याने परत येऊन परलोकाची खबर सांगायची. ऐन माऱ्यात विंडहॅम थरथरायला लागला, मॉन्टेग्यू सावरायला धावला आणि एकाच गोळ्याने दोघे गेले. खबर सांगायला कुणी आलं नाही, असं रोचेस्टर पुढे सांगत असे. बर्गनच्या कॅथेड्रलच्या भिंतीत त्या दिवसाचा एक गोळा अजून रुतलेला आहे.

डचांना खरा फटका नंतर बसला. डच सेनापती डी रॉयटर आरमार घेऊन त्यांना न्यायला आला, पण परतीच्या वाटेवर वादळाने ताफा विखुरला आणि सप्टेंबरमध्ये कंपनीची दोन मोठी जहाजं इंग्रजांच्या हाती लागली. सरकारी मोजदाद व्हायच्या आधीच इंग्रज सेनापती सँडविचने त्यांतला माल आपल्या अधिकाऱ्यांत वाटायला सुरुवात केली. नौदल कचेरीतला सॅम्युएल पेप्स एका जहाजाच्या तळात उतरला तेव्हा पायाखाली मिरे चुरडत होते, आणि लवंगा-जायफळांच्या ढिगात तो गुडघ्याच्या वर रुतला होता. नागपूरच्या मस्कासाथच्या ठोक बाजारात पोत्यांमधून वाट काढलेल्याला तो वास कल्पता येईल. सँडविचचं सेनापतिपद गेलं, आणि त्याला राजदूत म्हणून स्पेनला धाडलं.